सवयीच्या दोन विभक्ती

गवळ्याच्या म्हशीने नेहमीपेक्षा दूध कमी दिले की गवळी म्हणतो, "म्हैस पान्हा चोरतेय." शाळेची वेळ होताच घरातील एखाद्या मुलाचे पोट दुखू लागले की वडीलधारी मंडळी म्हणतात, "अभ्यासाची चोरी, दुसरे काय!" दोन्ही ठिकाणी शब्द एकच योजिला जातो. चोरी म्हटली की तिच्या पोटी हेतू आला, हेतूच्या पाठीमागे अपराध आला आणि अपराधामागोमाग शासनही ठेवलेलेच. परंतु म्हशीने खरोखर काही चोरले काय, आणि मुलाने तरी चोरले काय, हा प्रश्न शांतपणे विचारणारा क्वचितच आढळतो. गेल्या सव्वाशे वर्षांत मानसशास्त्राने सवयींविषयी जे ज्ञान मिळविले, त्यातील एक भेद या प्रश्नाशी थेट निगडित आहे. तो भेद ज्या घरात मुले वाढत आहेत, त्या घरातील प्रत्येक वडील माणसास ठाऊक असावा, म्हणून या महिन्यात त्याचा विचार करू.

शास्त्रज्ञ म्हणतात की प्राणी अनुभवाने दोन निरनिराळ्या रीतींनी शिकतो. एका रीतीस आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत 'अभिजात अभिसंधान' असे नाव आहे, दुसरीस 'साधक अभिसंधान' असे. नावे अवजड आहेत खरी. पण त्यांचा अर्थ समजण्यास परदेशातील प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. आपल्या कोल्हापूरची म्हैस हे दोन्ही धडे एकटीच शिकवू शकते.

पहिला धडा गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर मिळतो. तेथे गवळी आपल्या म्हशी घेऊन उभे असतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात देतात. पाहणारास वाटते की कास ही दुधाने भरलेली पिशवी आणि पिळले की दूध बाहेर यावयाचेच. वस्तुस्थिती तशी नाही. दूध कासेच्या आत अतिसूक्ष्म कोशिकांत साठलेले असते. गाईच्या कासेत सुमारे २० टक्के दूध तरी खालच्या पोकळीत आयते उतरलेले असते. म्हशीच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ५ टक्केच. उरलेले दूध खाली यावयाचे तर म्हशीने पान्हा सोडला पाहिजे. रेडकाचे तोंड अथवा गवळ्याचा हात सडास लागला की त्या स्पर्शाची वार्ता मज्जातंतूंतून मेंदूस जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव रक्तात उतरतो, तो कासेपर्यंत पोहोचतो आणि कोशिकांभोवतालच्या पेशी आकुंचन पावून दूध खाली ढकलतात. हे सारे म्हशीच्या इच्छेवाचून घडते. तिने मनात आणले म्हणून पान्हा येत नाही, आणि मनात आणून तिला तो आवरताही येत नाही.

आता यात शिक्षण कोठे आले? ते असे. धार काढण्यापूर्वी दररोज काही गोष्टी ठराविक क्रमाने घडतात. बादलीचा आवाज होतो, आंबोणाचा वास येतो, ओळखीच्या माणसाची हाक ऐकू येते आणि मागाहून सडास हात लागतो. हा क्रम अनेक दिवस अखंड चालला म्हणजे पुढेपुढे नुसती बादली वाजली तरी म्हैस पान्हावू लागते. बादलीच्या आवाजात दूध उतरविण्याचे सामर्थ्य निसर्गतः मुळीच नाही. स्पर्शाच्या आधी नित्य येत राहिल्याने त्या आवाजास ते सामर्थ्य उसने मिळाले. याच न्यायाने उलटही घडते. नवखा माणूस धार काढावयास बसला, जागा बदलली, कोणी काठी मारली किंवा कुत्रे अंगावर आले, तर भयाच्या वा बुजण्याच्या योगाने मेंदूतून तो स्राव सुटत नाही, आणि सुटला तरी भयाच्या वेळी रक्तात येणारे दुसरे द्रव्य त्याचे कार्य अडविते. दूध कासेतच राहते. गवळी म्हणतो चोरली; पण बिचारीच्या हाती काहीच नसते. येथे कुलूप आहे, चोर नाही.

रशियातील शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह याने हाच नियम कुत्र्यांवरील प्रयोगांनी प्रथम व्यवस्थित मांडला. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यास १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडण्यापूर्वीच, नुसता अन्न आणणारा माणूस दिसताच, लाळ सुटते असे त्याच्या ध्यानी आले. मग त्याने ठेका धरणाऱ्या यंत्राचा टिकटिक असा आवाज आधी व अन्न मागाहून, असा क्रम पुनःपुन्हा चालविला. काही काळाने केवळ आवाजाने लाळ सुटू लागली. पुढे अन्न न देता नुसता आवाजच करीत राहिल्यास लाळ हळूहळू कमी होऊन थांबते, यास विलोपन म्हणतात. परंतु मध्ये काही विश्रांती गेली की ती पुन्हा थोडीशी उमटते, हेही त्याने दाखविले. शिकलेले समूळ पुसले जात नाही, ते दबून राहते, हा यातील बोध घरच्या व्यवहारातही विसरू नये.

दुसरा धडा दिवाळीच्या पाडव्यास मिळतो. बलिप्रतिपदेच्या दिवशी कोल्हापुरात गवळी लोक म्हशींना न्हाऊमाखू घालतात, शिंगे रंगवितात, मोरपिसे, घुंगरू व कवड्यांच्या माळा घालून त्यांस मिरवितात. कसबा बावडा, सागरमाळ इत्यादी भागांत मालक मोटारसायकलवर पुढे जातो आणि म्हैस त्याच्या मागोमाग धावत सुटते, हे दृश्य पाहण्यास शेकडो लोक जमतात. मोटारसायकलच्या भयंकर आवाजाने एरवी जे जनावर बुजावे, ते तिच्या मागे का धावते? मालकाच्या हाकेमागे गेल्याने चारा मिळतो, पाणी मिळते, पाठीवर हात फिरतो, हे तिने वर्षभर अनुभविलेले असते. धावणे ही तिच्या पायांची कृती आहे. ती करणे न करणे तिच्या हाती आहे. ज्या कृतीचे फळ गोड लागले ती कृती दृढ झाली, इतकेच येथे घडले.

या रीतीचा शोध अमेरिकेत लागला. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक याने भुकेल्या मांजरांना खटक्याच्या पेटीत कोंडून बाहेर अन्न ठेविले. मांजर ओरबाडे, चावे, धडपडे आणि एखाद्या वेळी अचानक खटका ओढला जाऊन दार उघडे. पुनःपुन्हा कोंडल्यावर निरर्थक धडपड कमी होत गेली व खटका लवकर ओढला जाऊ लागला. बी. एफ. स्किनर याने पुढे उंदीर व कबुतरे यांवर प्रयोग करून हा विषय विस्ताराने मांडला. त्याचा मुख्य ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. ज्या फळामुळे कृती पुन्हा घडू लागते त्या फळास या शास्त्रात 'प्रबलन' म्हणतात. फळ म्हणजे खाऊच असला पाहिजे असे नाही. लक्ष मिळणे हे फळ आहे, आणि नकोशी गोष्ट टळणे हेही फळच आहे.

ज्यांनी बालपणी संस्कृताचे रूपपाठ केले आहेत त्यांना हा भेद ध्यानात ठेवण्यास एक सोपी खूण सांगतो. पाणिनीच्या मते ज्याचे भय वाटते त्याची पंचमी होते, आणि ज्याची स्पृहा वाटते त्याची चतुर्थी. 'दण्डाद् बिभेति', तो दंडापासून भितो. 'मोदकाय स्पृहयति', तो मोदकाची इच्छा धरतो. पंचमी कारणाकडे, म्हणजे मागे पाहते. चतुर्थी हेतूकडे, म्हणजे पुढे पाहते. अभिजात अभिसंधान ही पंचमीची सवय: आधी काहीतरी घडते आणि त्यापासून शरीरात प्रतिक्रिया उमटते. साधक अभिसंधान ही चतुर्थीची सवय: पुढे काहीतरी मिळावयाचे असते आणि त्यासाठी कृती केली जाते. लाळ, पान्हा, छातीची धडधड, तळहाताचा घाम, पोटातील गोळा या पंचमीच्या वस्तू. धावणे, बोलणे, रडून मागणे, पाठ म्हणणे या बहुधा चतुर्थीच्या.

एकच वस्तू दोन्ही विभक्तींत येऊ शकते, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. आंबोणाचेच पाहा. धारेच्या वेळी पुढ्यात ठेविलेले आंबोण हे पान्ह्याचे वेतन नव्हे. आंबोण मिळावे म्हणून म्हैस पान्हा सोडीत नाही. तेथे आंबोण ही आधी येणारी खूण आहे. तेच आंबोण हाकेसरशी गोठ्यात आलेल्या म्हशीस दिले तर ते तिच्या येण्याचे फळ होते. पाटी तीच, पेंड तीच. पण क्रम बदलला आणि शिक्षणाची जात बदलली. म्हणून एखाद्या सवयीची परीक्षा करताना वस्तूकडे न पाहता क्रमाकडे पाहावे.

आता गोठ्यातून घरात येऊ. सात वर्षांचा एक मुलगा कल्पावा. सकाळी साडेनऊ वाजले की त्याचे पोट दुखते. वैद्यकीय तपासणी झाली आहे व शरीरात दोष आढळलेला नाही. ही तपासणी मात्र सर्वांत आधी झालीच पाहिजे; मानसशास्त्राच्या नावाखाली खरे दुखणे अंगावर काढणे हा शुद्ध अविचार होय. पुढे घरात जो संवाद होतो तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे.

"अहो, पोराचा चेहरा किती उतरलाय बघा. राहू दे आज घरी," आजी म्हणते.

"काही नको. दोन दिवस घरी ठेवलंत की तिसऱ्या दिवशी पुन्हा दुखेल. ढोंग आहे सगळं," आजोबा उत्तर देतात.

"बाबा, मी त्याला सांगितलंय, आठवडाभर न रडता गेलास तर सायकल घेऊ," मुलाचा बाप मध्येच म्हणतो.

आजोबांचे औषध शासन, बापाचे औषध बक्षीस, आजीचे औषध सुटका. तिघेही प्रेमाने बोलत आहेत. परंतु दुखणे पंचमीचे की चतुर्थीचे, हे तिघांपैकी कोणीही विचारलेले नाही.

समजा, वर्गात कोणी त्यास सर्वांसमक्ष हसले, अथवा पाढा चुकला म्हणून मोठ्याने रागे भरले, आणि असे अनेकदा झाले. तर वर्ग, फळा, दप्तर, शाळेची घंटा या निरुपद्रवी वस्तूंना भय उत्पन्न करण्याचे सामर्थ्य चिकटते. रविवारी सायंकाळी दप्तर नजरेस पडले तरी पोटात गोळा येतो. हे पंचमीचे दुखणे. या मुलास सायकलीचे आमिष दाखविणे म्हणजे बुजलेल्या म्हशीस पाडव्याची माळ घालून 'आता पान्हा सोड' म्हणण्यासारखे आहे. त्यास सायकल हवी असते, तो प्रयत्नही करतो. पण पोटातील गोळा त्याच्या आज्ञेत नाही. आठवडा संपतो, सायकल हुकते आणि भयाच्या जोडीस अपयशाची लाज येते. मारले तर आणखी वाईट. कारण मग शाळेच्या भयात घराचे भय मिसळते.

उलट समजा, शाळेत काहीच वावगे घडलेले नाही. पण एकदा ताप आला असता घरी राहण्यास मिळाले, आजीने शिरा केला, गोष्टी सांगितल्या, दुपारी आईचा मोबाइल हाती आला. मग 'दुखते' या शब्दास जे फळ लागते ते मुलाच्या ध्यानी येते, कित्येकदा त्याच्याही नकळत. येथे रविवारी दुखणे नसते आणि 'आज जाऊ नकोस' म्हणताच ते पाच मिनिटांत ओसरून खेळ सुरू होतो. हे चतुर्थीचे दुखणे. यावर उपाय सौम्य आहे: घरी राहावयाचे तर अंथरुणात पडून राहावे, शिरा नाही, मोबाइल नाही, आणि आजीचा शिरा व गोष्ट शाळेतून परत आल्यावर मिळावी. प्रेम कमी करावयाचे नाही, त्याची वेळ बदलावयाची.

पंचमीच्या दुखण्यावर काय करावे? १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन व रोझली रेनर यांनी सुमारे अकरा महिन्यांच्या एका बालकावर एक प्रयोग केला. त्यास पांढऱ्या उंदराचे भय नव्हते. उंदीर दिसला की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोड्याने प्रचंड आवाज करावयाचा, असे काही वेळा केल्यावर ते बालक उंदीर पाहताच रडू लागले. पुढे ससा, कुत्रा व केसाळ कोट पाहूनही ते घाबरू लागले. ते भय घालविण्याआधीच बालक तेथून गेले. असा निष्ठुर प्रयोग आज कोणीही करू देणार नाही. परंतु चारच वर्षांनी, १९२४ साली, मेरी कव्हर जोन्स या विदुषीने त्याच नियमाचा हितकारक उपयोग करून दाखविला. सुमारे तीन वर्षांचा पीटर नावाचा मुलगा सशास घाबरत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा खोलीत दूरवर ठेविला जाई आणि मूल अस्वस्थ होणार नाही अशा बेताने दिवसेंदिवस थोडा जवळ आणला जाई. न भिणारी इतर मुलेही त्याच्या संगतीस ठेविली जात. शेवटी पीटर एका हाताने सशास कुरवाळू लागला.

या प्रयोगातील खाऊ हे धैर्याचे बक्षीस म्हणून दिलेले नव्हते. 'सशास हात लाव, मग खाऊ देतो' असे त्यास कोणी म्हटले नाही. खाऊ आणि ससा एकत्र आणून भयाच्या जागी सुख जोडले, इतकेच. शाळेस भिणाऱ्या मुलासही हाच मार्ग: सुटीच्या दिवशी आजोबांच्या बोटास धरून शाळेच्या मैदानावर खेळण्यास जावे, पुढे रिकाम्या वर्गात डोकवावे, एखादा मित्र घरी बोलवावा, जो पाढा चुकतो तो घरी हसतखेळत म्हणून घ्यावा, शिक्षकांची भेट घेऊन वर्गातील मूळ कारण थांबवावे. ते मूळ कारण चालूच राहिले तर बाकीचे सारे व्यर्थ आहे. आणि मध्येच एखादे दिवशी भय परत उमटले तर 'एवढे करून पालथ्या घड्यावर पाणी' म्हणून निराश होऊ नये. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची लाळही अशीच परतली होती.

व्यवहारात पुष्कळदा दोन्ही विभक्ती एकमेकींत गुंततात. ओ. एच. मोवरर या मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली हे दाखवून दिले. भय प्रथम पंचमीने जडते. पण भयाच्या वस्तूपासून पळ काढला की जिवास जो हायसेपणा वाटतो तो पळण्याचे फळ ठरतो आणि पळणे चतुर्थीने पक्के होते. आमच्या कल्पिलेल्या मुलास शाळेचे खरे भय असले तरी घरी ठेविले की त्या क्षणी त्यास सुटल्यासारखे वाटते आणि उद्याचा पाय अधिकच जड होतो. म्हणून आजीची सुटका दयेची असूनही उपकारक ठरत नाही. शाळेशी संबंध, अर्ध्या दिवसापुरता का होईना, राहिला पाहिजे. आजोबांचे 'तिसऱ्या दिवशी पुन्हा दुखेल' हे भाकीत खरे, पण त्यांचे 'ढोंग' हे निदान खोटे, असे येथे घडू शकते.

एकत्र कुटुंबास यातील आणखी एक गोष्ट विशेष लागू पडते. प्रत्येक वेळी फळ मिळणाऱ्या कृतीपेक्षा अधूनमधून, अनिश्चितपणे फळ मिळणारी कृती अधिक चिवट होते, हे स्किनरच्या प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. जेवताना मोबाइल हवा म्हणून मूल रडते. आई नाही म्हणते, बाप नाही म्हणतो, काकू नाही म्हणते. पाचव्या दिवशी पाहुणे आलेले असतात म्हणून आजोबा हळूच स्वतःचा मोबाइल देतात. कोणास वाटेल, चार दिवसांचा निग्रह एका दिवसाने थोडाच वाया जातो? प्रत्यक्षात तो वाया जातो, इतकेच नव्हे तर रडणे पूर्वीपेक्षा बळावते. कारण मूल 'रडले की मिळते' याऐवजी 'पुष्कळ रडले की केव्हातरी मिळते' हे शिकते. ज्या घरात सहा वडील माणसे आहेत तेथे सहा दारे आहेत, आणि मूल प्रत्येक दार ठोठावून पाहणारच. म्हणून नियम थोडे असावेत, पण ते सर्वांनी मिळून ठरवावेत. आणि सुनेने 'नाही' म्हटलेले सासूने मुलादेखत मोडू नये. मतभेद असेल तर तो मुले निजल्यावर बोलावा.

मनुष्य म्हणजे केवळ लाळ आणि खटका नव्हे, हे मला मान्य आहे. त्यास विचार आहे, लज्जा आहे, आदर्श आहेत. मूल जसजसे मोठे होते तसतसे समजावून सांगण्याचे बळ वाढत जाते. परंतु समजावणे ज्या भूमीत रुजावयाचे, ती सवयींची भूमी बालपणीच तयार होते.

तेव्हा मुलाच्या एखाद्या सवयीने घर हैराण झाले असता शासनाची वा बक्षिसाची भाषा बोलण्यापूर्वी एक आठवडाभर नुसते पाहावे. एका वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात 'याच्या आधी काय घडले' ते लिहावे, दुसऱ्यात 'याच्या नंतर काय मिळाले' ते. पहिला रकाना बोलका निघाला तर भीती हळूहळू उतरवावी, दुसरा बोलका निघाला तर फळाची वेळ बदलावी, दोन्ही बोलके निघाले तर दोन्ही करावे. आणि वही भरेपर्यंत 'चोर', 'ढोंगी' हे शब्द घरात कोणीही उच्चारू नयेत. ज्या मुलाच्या हाती काहीच नव्हते त्यास तो शब्द लागला तर तो जन्मभर लागून राहतो. आणि ज्याच्या हाती थोडेसे होते त्यासही तो सुधारीत नाही.